नॅनो आळ्यात ओतायच्या आधी मुळाला विचारा

माझी रोपवाटिका दापोली तालुक्यात, केळशीच्या बाजूला आहे. सुपारी, जायफळ, मिरी, काजूची कलमं आणि पावसाच्या तोंडावर वांगी-मिरचीची रोपं. हल्ली रोपं गाडीत भरताना गिऱ्हाईक हमखास विचारतं, "काकू, याच्या मुळाशी नॅनो घातलं तर चालेल ना?" कसलं नॅनो, असं विचारलं की म्हणतात, "नॅनो हो, बाटलीतलं."

त्या बाटलीत काय आहे, यावर सगळं अवलंबून आहे. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर, आणि एक ते शंभर नॅनोमीटरच्या कणांना नॅनोकण म्हणतात. हे नुसतं माप झालं. त्या मापात युरिया बसतो, जस्त बसतं, तांबं बसतं, चांदीही बसते. नॅनो युरिया २०२१ मध्ये आणि नॅनो डीएपी २०२३ मध्ये खत नियंत्रण आदेशात आलं. त्यातला युरिया मुळाशी ओतला तर झाड मरणार नाही, फक्त पैसे पाण्यात जातील. चार टक्के नत्राच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत नत्र भरतं जेमतेम २० ग्रॅम, आणि ते पानांवर फवारायला दिलेलं असतं. ते मातीत ओतणाऱ्याला मी एवढंच सांगते की त्यापेक्षा घमेलंभर शेणखत घाला. इथे बोलायचं आहे ते धातूंबद्दल. झिंक ऑक्साइड, कॉपर ऑक्साइड, चांदी, आणि ज्यांच्या लेबलावर 'नॅनो शक्ती'छाप शब्दांखेरीज काहीच लिहिलेलं नसतं अशा पावडरी. हे एकदा मातीत गेलं की परत काढता येत नाही. नत्र पावसात वाहून जातं, हवेत उडून जातं. तांबं आपल्या आगरात तुमच्या नातवंडांपर्यंत तिथेच बसून राहतं.

म्हणून माझ्याकडे एक पद्धत आहे. बाटली आली की आधी बियांवर आणि आपल्याच मातीवर तपासायची, मग ठरवायचं. प्रयोगशाळा लागत नाही. मिठाईचे प्लास्टिकचे डबे, करवंट्या, औषधाची मापाची सिरिंज, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकाचा काटा आणि शाळेची पट्टी एवढ्यावर भागतं.

घाटावरचा अनुभव इथे का चालत नाही

दुकानदार सांगतो, "सांगलीला द्राक्षवाल्यांनी वापरलं, काही झालं नाही." खरं असेल. पण घाटावरची काळी माती चुनखडीची, सामू (म्हणजे pH, सातच्या खाली गेला की माती आंबट) आठच्या आसपास. आपली जांभ्याची तांबडी माती आंबट, सामू बहुतेक ठिकाणी पाच ते साडेसहा. झिंक ऑक्साइड आंबट ओलाव्यात भराभर विरघळतं आणि मुळापुढे एकदम मोकळं जस्त येतं. चुनखडीच्या मातीत तेच जस्त धरून ठेवलं जातं. आंबट आणि चुनखडीच्या मातीत हेच कण घालून जे तुलनेचे प्रयोग झाले, त्यांत एकाच मात्रेला आंबट मातीतली पिकं खुरटली आणि चुनखडीच्या मातीतल्यांना फारसं काही झालं नाही, असंच दिसलेलं आहे. त्यामुळे सांगलीचा दाखला केळशीत आणायचा नाही.

आपल्याकडे तरी माती एक कुठे आहे? माझंच बघा. घरामागची उताराची माती लाल, जांभ्याची. रस्ता ओलांडला की समुद्राकडचं आगर पुळणीवरचं, रेताड. त्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, त्यामुळे ती तितकी आंबट नाही, पण तिच्यात चिकणमातीही नाही आणि कुजकं खतही टिकत नाही, म्हणजे कण धरून ठेवायला काही नाही. तिथे ओतलेलं विहिरीपर्यंत जायला वेळ लागत नाही. तुमच्याकडे अशा दोन माती असतील तर चाचणीही दोन वेळा करा. खाजणातल्या खाऱ्या जमिनीची तिसरी.

आधी टक्का वाचा

बाटलीवर नाव बघू नका, टक्का बघा. एका बाटलीत जस्त १ टक्का असतं. शेजारच्या फडताळात झिंक ऑक्साइडचं दाट पांढरं द्रावण असतं, त्यात जस्त ३९.५ टक्के. दुसऱ्याला नॅनो म्हणायचं की नाही हा वेगळा प्रश्न, पण काउंटरवर दोन्ही 'नॅनो झिंक' म्हणूनच हातात पडतात. आता रोपाच्या पिशवीत माती असते साधारण तीन किलो. पहिल्यातलं दहा मिली, म्हणजे एक झाकण, ओतलं तर एक किलो मातीत जस्त पडतं ३३ मिलिग्रॅम. दुसऱ्यातलं नुसतं दहा ग्रॅम ओतलं तर किलोला १३०० मिलिग्रॅमच्या वर. भाताला हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट देतात, गुंठ्याला पाव किलो. ते वरच्या वीतभर मातीत पसरलं की किलोला दोन-अडीच मिलिग्रॅम जस्त होतं. हे तीन आकडे शेजारी ठेवले की कोण कुठे उभा आहे ते कळतं.

म्हणजे लेबलाप्रमाणे पंपाला मोजून पानांवर मारणाऱ्याच्या शेताचं लगेच वाटोळं होत नाही, हे मीही मान्य करते. नुकसान होतं ते पिशवीत, वाफ्यात, आळ्यात, जिथे मूठभर मातीवर झाकणभर औषध पडतं. आणि दरवर्षी पडतं.

लेबलावर खत नियंत्रण आदेश १९८५ खालचा उल्लेख, घटकाचं नाव, टक्का, बॅच आणि कुठे वापरायचं ते, एवढं नसेल तर चाचणीचीही गरज नाही. बाटली परत करा. नॅनो शेती निविष्ठांची पारख कशी करावी याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्राने २०२० मध्येच काढली आहेत, त्यात विषारीपणाच्या तपासण्या येतात. "असल्या कुठल्या तपासण्या झाल्यात का?" असं दुकानात विचारायला काही लाजायचं कारण नाही. मी एकदा विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "वहिनी, तुम्ही फार विचार करता." बाटली मी तिथेच ठेवून आले.

पहिली चाचणी: ओल्या फडक्यावर

ही मुळ्याच्या बियांवर करायची. मुळा लवकर रुजतो, त्याचं मूळ सरळ जातं आणि मोजायला सोपं असतं. सोबत घरचं भात घ्या, रत्नागिरी-१ असो की कर्जतचं. मात्र प्रक्रिया केलेलं, रंग लावलेलं बी नको.

पाणी पावसाचं वापरा, किंवा उकळून गार केलेलं गोड्या विहिरीचं. किनाऱ्यावरच्या मचूळ पाण्यात हे कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि तळाशी बसतात. मग बियांपर्यंत ते पोचतच नाहीत, आणि निरुपद्रवी आहे असा खोटा निकाल मिळतो. चांदीचा निकाल तर खारेपणाने आणखीच बिघडतो.

आता द्रावणं. एक टक्क्याच्या नॅनो झिंकचं धरून सांगते. बाटली चांगली हलवा, खाली बसलेला गाळ वर आला पाहिजे. त्यातलं १० मिली एक लिटर पाण्यात टाकलं की लिटरला साधारण १०० मिलिग्रॅम जस्ताचं द्रावण झालं. त्यातलं १०० मिली घेऊन पुन्हा लिटर केलं की १० मिलिग्रॅमचं. ही दोन नॅनोची झाली.

त्यांच्या जोडीला साध्या झिंक सल्फेटचीही तेवढ्याच जस्ताची दोन द्रावणं हवीत. लोक हीच पायरी गाळतात. दुकानातल्या नेहमीच्या दाणेदार झिंक सल्फेटमध्ये जस्त २१ टक्के असतं (३३ टक्केवालंही मिळतं, पिशवी वाचा). ५ ग्रॅम एक लिटरात विरघळवा. त्या मूळ द्रावणातलं १०० मिली घेऊन लिटर करा, ते १०० मिलिग्रॅमचं. १० मिली घेऊन लिटर करा, ते १० चं. मूळ द्रावण ठेवून द्या, पुढे लागणार आहे. आणि पाचवं भांडं नुसत्या पाण्याचं.

झिंक सल्फेट कशाला, असं माझा भाचाही विचारत होता, तो बीएस्सीला आहे. त्याला म्हटलं, "अरे, मूळ आखडलं तर ते जस्त जास्त झालं म्हणून, की कण बारीक होते म्हणून, हे कसं ओळखशील?" दोन्हींत जस्त सारखं ठेवलं तरच ते कळतं.

डब्यात सुती फडक्याच्या दोन घड्या घाला, फडकं आधी उकळलेलं असू द्या, साबणाचा अंश नको. फडकं ओलं व्हावं, पण डबा तिरपा केला तर पाणी ओघळू नये इतकंच द्रावण घाला. वीस बिया बोटभर अंतरावर ठेवा, झाकण लावा, डब्यावर पेन्सिलीने खूण करा आणि पडवीतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. प्रत्येक द्रावणाचे तीन डबे करा. एकाच डब्याने फसायला होतं, एखाद्यात बुरशीच येते, एखाद्यात मुंग्या शिरतात.

मोजायचं कधी? दिवस धरून बसू नका. साध्या पाण्यातल्या मुळ्याचं मूळ चारेक सेंटीमीटर झालं की सगळे डबे एकाच बैठकीत मोजायला घ्या. भाताला थोडं जास्त थांबावं लागतं.

किती दाणे रुजले यावर निकाल देऊ नका. २००७ साली प्रसिद्ध झालेला एक आधाराला धरण्याजोगा प्रयोग आहे. मुळा, मोहरीवर्गातलं रेप, राय गवत, लेट्यूस, मका आणि काकडी अशा सहा पिकांवर पाच प्रकारचे नॅनोकण लावून पाहिले. बहुतेकांची उगवण जवळपास ठीक होती, मुळं मात्र झिंक आणि झिंक ऑक्साइडच्या कणांत आखडली. मुळ्याच्या मुळाची लांबी निम्मी व्हायला लिटरला ५० मिलिग्रॅमच्या आसपास पुरे झालं, रेप आणि राय गवताला तर २०च. एक टक्क्याच्या बाटलीतलं लिटरला पाच मिली म्हणजेच हे पन्नास. त्यांनी हेही पाहिलं की बी नुसतं भिजत असताना फार बिघडत नाही, मूळ बाहेर आल्यावर बिघडतं. टरफल काही काळ राखण करतं. म्हणून "बी भिजवून बघितलं, काही झालं नाही" याला अर्थ नाही.

पट्टीवर मूळ सरळ ठेवून मोजा, वाकडं असेल तर दोरा लावा. तीन डब्यांची सरासरी काढा. साध्या पाण्याच्या तुलनेत दहा-पंधरा टक्क्यांचा फरक सोडून द्या, तो बियांबियांतला असतो. तिसऱ्या हिश्शाने मूळ आखडलं तर मात्र लक्ष द्या. मोजताना नुसती लांबी बघू नका. निरोगी मुळ्याच्या टोकामागे पांढरी लव असते, कापसासारखी, भिंग असेल तर छान दिसते. जस्त-तांबं जास्त झालेल्या मुळाला ही लव विरळ होते किंवा नसतेच. टोक जाड, पिवळट-तपकिरी दिसतं, आणि मूळ फडक्यात न शिरता वर वळतं. असं मूळ मातीत अन्न ओढणार कुठून!

तांब्याची बाटली असेल तर हीच कृती, झिंक सल्फेटऐवजी मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. मोरचुदात तांबं पाव हिस्सा असतं, म्हणून मूळ द्रावणाला ५ ऐवजी ४ ग्रॅम घ्या.

दुसरी चाचणी: आपल्याच मातीत

फडक्यावर कण उघडे असतात. मातीत चिकणमाती, कुजकं खत, लोहाचे कण त्यांना पकडतात. म्हणून फडक्यावर वाईट दिसलेलं मातीत सौम्य होऊ शकतं, आणि आंबट मातीत तसं होईलच असंही नाही. ते मातीलाच विचारावं लागतं.

जिथे घालायचं मनात आहे तिथलीच वरची वीतभर माती घ्या, सावलीत वाळवा, चाळा. तीन-तीन किलोचे पाच ढीग करा. एका ढिगात नुसतं अर्धा लिटर पाणी. दुसऱ्यात नॅनो झिंक १५ मिली अर्ध्या लिटर पाण्यातून, म्हणजे किलोला ५० मिलिग्रॅम. तिसऱ्यात १५० मिली बाटलीतलं आणि वर पाणी घालून अर्धा लिटर, म्हणजे किलोला ५००. चौथ्यात मघाच्या झिंक सल्फेटच्या मूळ द्रावणातलं १४५ मिली, तेही अर्धा लिटर करून. पाचव्यात ७ ग्रॅम झिंक सल्फेट अर्ध्या लिटरात विरघळवून. हात न लावता फळीने नीट कालवा. पाचशेची मात्रा कोणी शेतात घालावी म्हणून नाही, तर चाचणीला नुकसान दाखवता येतं की नाही हे कळावं म्हणून आहे. पाचशेलाही झिंक सल्फेटच्या मातीत मूळ मस्त वाढलं, तर तुमचं वजन तरी चुकलंय किंवा तुमची माती फार धरून ठेवणारी आहे.

मग करवंट्या. डोळ्याच्या जागी भोक असलेली अर्धी घ्या, पाणी निथळतं. प्रत्येक ढिगातून सहा करवंट्या भरा, तीनमध्ये मुळा, तीनमध्ये भात. उरलेल्या मातीच्या लहान पिशव्या भरून त्यात चवळी लावा. पावसात उघड्यावर ठेवू नका, पडवीच्या कडेला ऊन लागेल असं ठेवा, नाहीतर पहिल्या सरीत सगळं धुऊन जाईल. थोडी माती झाकून बाजूला ठेवा आणि महिन्याने तिच्यात पुन्हा बी टाका. जुनी झालेली माती सौम्य झाली का, तेही कळतं.

तीन आठवड्यांनी काढताना रोप ओढू नका. करवंटी पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, माती आपोआप सुटते, मूळ अख्खं हातात येतं. चवळीला आणखी आठवडाभर द्या आणि मुळावरच्या गाठी बघा. एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी असेल तर ती काम करते आहे. पांढरट, हिरवट किंवा तपकिरी असेल तर नत्र बांधणं बंद. कोकणात भातामागे वाल, कुळीथ, चवळी ओलीवर घेणाऱ्यांनी ही पायरी टाळूच नये. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात सोयाबीनवर असा प्रयोग झाला होता. सिरियम या धातूच्या ऑक्साइडच्या नॅनोकणांच्या जास्त मात्रेला मुळांच्या गाठींतलं नत्र बांधणं जवळजवळ थांबलं, आणि झिंक ऑक्साइडचं जस्त पानांत आणि दाण्यांत चढलं. वरून सोयाबीन बरं दिसलं असतं तरी आत हे चाललेलं होतं.

निकाल असा वाचायचा. झिंक सल्फेट आणि नॅनो दोन्हींनी मूळ सारखंच आखडलं, तर दोष जादा जस्ताचा, नॅनोचा वेगळा काही नाही. अशा वेळी मात्रा कमी किंवा बंद. झिंक सल्फेटमध्ये मूळ ठीक आणि नॅनोत आखडलं, तर दोष त्या बारीक कणांचा किंवा कण तरंगत राहावेत म्हणून बाटलीत घातलेल्या रसायनांचा. ती बाटली मातीत कधीच नको. कण बारीक असले की विरघळण्याखेरीज आणखी उपद्रव होतात. गाळणीत पीठ बसावं तसे ते मुळाच्या पेशीभिंतीच्या छिद्रांत बसून पाण्याची वाट अडवतात, पेशीत ऑक्सिडेटिव्ह ताण (ऑक्सिजनच्या उपद्रवी रूपांनी होणारी इजा) वाढवतात, आणि चांदी-तांबं तर मातीतल्या जिवाणूंना मारायलाच वापरतात. पन्नासला रोप साध्या पाण्यापेक्षा बरं आलं, असंही होतं. मग तुमच्या मातीत जस्ताची कमतरता असणार. तसं असेल तर लेबलाप्रमाणे पानांवर मारून काम होतं, ओतायची गरज नाही. आणि साध्या पाण्यातलीच रोपं रडकी निघाली, तर बी बदला, पाणी बदला, पुन्हा करा.

गांडुळांना विचारायचं असेल तर

पावसाळ्यात हे फार सोपं. पसरट टब घ्या, मध्ये पुठ्ठा उभा धरा, एका बाजूला साधी ओली माती, दुसऱ्या बाजूला औषध घातलेली. पुठ्ठा काढा आणि मधल्या रेघेवर दहा गांडुळं सोडा. वर भोकं पाडलेलं झाकण. दोन दिवसांनी पुठ्ठा पुन्हा रेघेवर घाला आणि मोजा. आठाहून जास्त साध्या मातीत गेली असतील, तर ती औषधाची माती राहायच्या लायकीची नाही असा त्यांचा निर्णय आहे. प्रयोगशाळांतही ही चाचणी अशीच करतात. गांडुळं आगरात परत सोडा, साध्या मातीतली आणि त्या मातीतली दोन्ही.

शेतात दिसणारी लक्षणं, आणि त्यांत होणारा घोटाळा

जादा जस्त किंवा तांब्याने रोपाला लोह उचलता येत नाही. त्यामुळे कोवळी, शेंड्याची पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. मूळ उपसलं तर आखूड, झुबकेदार, काळपट.

भातात मात्र जपून. आपल्या उताराखालच्या पाणी साचणाऱ्या खाचरांत लोहच जास्त होतं, तेव्हा जुन्या, खालच्या पानांवर तांबूस ठिपके येऊन पान करपतं. जस्ताच्या कमतरतेतही लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी खालच्या पानांवर तपकिरी डाग पडतात, त्याला खैरा म्हणतात. खाजणात खारेपणाने पानांची टोकं वाळतात. ही तिन्ही सोडून नॅनोवर खापर फोडू नका, आणि खैरा समजून जादा जस्त झालेल्या भाताला आणखी जस्त तर देऊच नका. खालची पानं की वरची, हे आधी बघा.

सुपारीवाल्यांनी जास्त सांभाळा

आपल्या आगरांत कोळेरोगासाठी पावसाच्या तोंडावर एक टक्का बोर्डो मारतात, शंभर लिटरला किलो मोरचूद आणि किलो चुना, आणि दीडेक महिन्याने पुन्हा. आजेसासऱ्यांपासून हे चालू आहे. ते सगळं तांबं पावसाबरोबर पानांवरून, घडांवरून खाली येतं आणि वरच्या मातीत, पालापाचोळ्यात अडकून बसतं. बोर्डो सोडा असं मी म्हणत नाही, कोळे आला तर घडच्या घड गळतो. पण ज्या मातीत आधीच पन्नास-साठ वर्षांचं मोरचूद आहे, तिच्यात मुळाशी नॅनो कॉपर ओतायला सांगणाऱ्याला मी तरी शेतकरी म्हणणार नाही. खाली जायफळ, मिरी, वेलदोडा असतो. त्यांची मुळं त्याच वरच्या थरात पसरलेली असतात, सुपारीच्या आधी तीच बोलायला लागतात.

ओतून झालंच असेल तर

पाणी मारून धुवायला जाऊ नका, ते विहिरीत नाहीतर व्हाळात जाईल, आणि तांबं माशांना फार लवकर मारतं. पिशवीतलं रोप असेल तर माती झटकून नव्या मातीत लावा. आळ्यात असेल आणि ताजं असेल, तर वरची चार बोटं माती खरवडून बाजूला काढा. मग चांगलं कुजलेलं शेणखत भरपूर, तांब्याला ते बांधून ठेवतं. आंबट माती असेल तर चुना, मात्र माती तपासून सांगतील तेवढाच. चुन्याने सामू वर गेला की मोकळं जस्त-तांबं कमी होतं. अंदाजाने ओंजळीने चुना टाकला तर दुसरीच अन्नद्रव्यं अडतात. त्या हंगामात तिथे पालेभाजी लावू नका. माठ-मुळा खाणार आपणच.

चाचणीचं उरलेलं पाणी आणि माती यांचीही हीच काळजी. विहिरीपासून लांब, जिथून पाणी विहिरीकडे उतरणार नाही अशा बाजूला खड्डा करून चुना-शेणखतात मिसळून पुरा. पावडर असेल तर कोरडी उडवू नका, नाका-तोंडाला फडकं बांधून आधी ओली करा. हातमोजे घाला. आणि ते डबे पुन्हा लाडवाला वापरू नका.

माती परीक्षणाचा नमुना

एवढं सगळं करण्याआधी खरं तर हे करावं, पण सगळे ते शेवटी करतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात किंवा जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत नमुना देता येतो. नुसतं 'माती तपासा' म्हटलं तर नत्र, स्फुरद, पालाश आणि सामूवर भागतं. कागदावर 'सूक्ष्म अन्नद्रव्यं: जस्त, तांबं, लोह, मंगल' असं लिहून द्या. अहवालात जस्त किलोला ०.६ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता, तांब्याची रेघ ०.२ वर. तांबं त्याच्या कितीतरी पट वर निघालं, तर बाटली घ्यायचा प्रश्नच उरत नाही.

सुपारीचा नमुना मे महिन्यात, बोर्डो मारायच्या आधी घ्या. आळ्याच्या आतून, पाच-सहा झाडांखालून, वरचा पाला बाजूला सारून. लाकडी पट्टीने किंवा स्टीलच्या स्वच्छ खुरप्याने खणा आणि प्लास्टिकच्या बादलीत गोळा करा. जस्ती बादली, पत्र्याचं घमेलं, तांब्या-पितळेचं भांडं नको, नाहीतर अहवालात आगराच्या मातीऐवजी बादलीचं जस्त येईल.